कुंडलिकेकाठचे काझी

रोह्यावरून वाहत जाणारी कुंडलिका रेवदंड्याला समुद्राला मिळते. तिच्या मुखाशी चौल. अरब दर्यावर्दी त्याला सैमूर म्हणत. इ.स. 916च्या सुमारास अल्-मसूदी हा बगदादचा प्रवासी तिथे उतरला, तेव्हा राज्य राष्ट्रकूटांचं होतं आणि उत्तर कोकणात त्यांचा मांडलिक शिलाहार झंझ कारभार पाहत होता. मसूदी लिहितो की, सैमूरच्या मुलखात दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहत होते. काही सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले, तर काही इथेच जन्मलेले. त्यांच्या कज्ज्यांचा निवाडा करायला त्यांच्यातलाच एक मातबर माणूस नेमलेला असे. त्या पदाला ‘हुनरमन’ म्हणत. मसूदी आला तेव्हा अबू सईद मारूफ बिन झकरिया त्या पदावर होता.

कोकणी मुसलमानांत काझी, खतीब, फकीह ही आडनावं आज आहेत, ती अशा कामांवरून आणि वतनांवरून पडलेली. काझीपदाचं ह्या किनाऱ्यावरचं सर्वांत जुनं माहीत असलेलं रूप म्हणजे हा हुनरमन. बिगरमुसलमान राजाने मान्य केलेला मुसलमान पंच.

त्याच शतकातल्या बुझुर्ग बिन शहरियारच्या ‘अजाइब अल्-हिंद’ ह्या ग्रंथात सैमूरच्या एका हुनरमनाची हकिगत आहे. एका खलाशाने देवळात शिरून मूर्तीची विटंबना केली. पुजाऱ्याने त्याला पकडून राजापुढे उभं केलं. दरबारातले म्हणू लागले, हत्तीच्या पायी द्या, तुकडे करा. राजा म्हणाला, तसं चालणार नाही, हा अरब आहे आणि आपला त्यांच्याशी करार आहे. त्याने हुनरमन अब्बास बिन माहान ह्याच्याकडे माणूस पाठवून आडून विचारलं : तुमच्या मशिदीत कुणी बाईबरोबर गैरवर्तन करताना सापडला, तर तुम्ही त्याचं काय कराल? अब्बासला मशिदीचं पावित्र्य ठसवायचं होतं. त्याने सांगितलं, ठार मारू. राजाने तोच निकाल खलाशाला लावला. अब्बासला खरा प्रकार कळला तेव्हा तो गुपचूप सैमूर सोडून निघून गेला.

मला ही हकिगत ह्या पदाच्या साऱ्या इतिहासात सर्वांत महत्त्वाची वाटते. अब्बासने ना आरोपी पाहिला, ना साक्षीदार बोलावला. धर्माची शान राहावी म्हणून तो शरीयतच्या रीतीपेक्षा कडक बोलला आणि त्या बोलण्यावर एका माणसाचा जीव गेला. मत देणं आणि अंमल करणं ह्यांत अंतर का ठेवायचं, ह्याचा आपल्याच किनाऱ्यावरचा हा दाखला आहे.

हे अंतर इस्लामी शास्त्राने नीट मोजलेलं आहे. कोकणी मुसलमान शाफई पंथाचे. त्याच पंथाचे इमाम गझाली (मृत्यू 1111) ह्यांनी चांगल्याचा आग्रह आणि वाइटाला मज्जाव ह्या कर्तव्यावर सविस्तर लिहिलं, आणि त्याला अटी घातल्या. वाईट गोष्ट उघड दिसत असली पाहिजे, पाळत ठेवून शोधून काढलेली चालणार नाही. खलिफा उमर भिंत चढून एकाच्या घरात डोकावले, तेव्हा त्या माणसाने त्यांच्याच तीन चुका दाखवल्या : पाळत ठेवलीत, दाराने आला नाहीत, सलाम केला नाहीत. गझाली हा दाखला देतात. दुसरी अट त्याहून मोठी. ज्या बाबतीत शास्त्रकारांतच मतभेद आहेत, तिथे एका पंथाच्या माणसाने दुसऱ्याला अडवायचं नाही.

ही अट रोजच्या जगण्यात किती खोल जाते ते रोहा-पेणमध्ये दिसतं. उत्तरेकडून रोह्याजवळच्या धाटावच्या कारखान्यांत येणारे मुसलमान कामगार बहुधा हनफी पंथाचे. शाफईंची असरच्या (दुपारनंतरच्या) नमाजाची वेळ वस्तूची सावली तिच्याएवढी झाली की लागते (माध्यान्हीची सावली वगळून), हनफींची ती दुप्पट झाल्यावर. म्हणजे तासाभराच्या आसपास फरक. शाफई नमाजात रुकूला (कमरेतून वाकायला) जाताना हात उचलतो, फजरच्या (पहाटेच्या) नमाजात कुनूत ही दुआ म्हणतो. हनफी हे करत नाही. खाडीतल्या तिसऱ्या (शिंपल्या) शाफईच्या ताटात चालतात, हनफीच्या चालत नाहीत. कोळंबीवर तर हनफी उलमांचंच एकमत नाही. तिसऱ्यांचं कालवण खाणाऱ्याला हराम खातोस म्हणून दटावणं गझालींच्या अटीत बसत नाही, आणि न खाणाऱ्याला हिणवणंही नाही.

हुनरमनाच्या पुढच्या काळात, निजामशाही-आदिलशाहीत, काझी परगण्याच्या मजलसीत (न्यायसभेत) बसू लागला. हिंदूंच्या वतनाच्या तंट्यांतल्या महजरांवरही (निवाडपत्रांवरही) त्याचा शिक्का उमटे. इंग्रजांनी 1864च्या कायद्याने सरकारी काझी नेमणं बंद केलं. निकाह लावायला काझी हवा म्हणून लोकांची अडचण झाली, आणि सर सय्यद अहमद खानांनी व्हाइसरॉयच्या कायदे मंडळात विधेयक मांडलं. त्यातून 1880चा काझी कायदा आला. त्याचं चौथं कलम फार नेमकं आहे. नेमणुकीने काझीला न्यायदानाचा किंवा प्रशासनाचा कुठलाही अधिकार मिळत नाही, निकाहला त्याची हजेरी सक्तीची ठरत नाही, आणि इतर कुणाला काझीचं काम करायला मनाई होत नाही. 7 जुलै 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने विश्वलोचन मदन खटल्यात फतव्याबद्दल हेच सांगितलं : ते मत आहे, ते कुणावर लादता येणार नाही.

कायद्याचं बळ गेलं तरी जमातीचं बळ राहतं. निकाहला कुणी यायचं नाही, मयतीला खांदा द्यायचा नाही, कब्रस्तानात जागा नाही, ही शिक्षा कुठल्याही काझीच्या हुकमापेक्षा जास्त झोंबते. मुंबई राज्याने 1949मध्ये जातबहिष्काराला बंदी केली होती. दाऊदी बोहरांच्या सय्यदनांनी तिला आव्हान दिलं आणि 1962मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. मग अर्धशतक पोकळीच राहिली. ती भरून काढण्याची निकड ज्या तक्रारींमुळे भासली, त्यांत रायगड जिल्ह्यातल्या गावकीच्या बहिष्काराच्या तक्रारी ठळक होत्या, आणि त्या बहुतेक हिंदू गावांतल्या होत्या. धाक घालणारे कुठल्या धर्माचे ह्याने बहिष्कृत घराला फरक पडत नाही. 2016मध्ये विधिमंडळाने सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा केला, जुलै 2017पासून तो लागू आहे. दफनभूमी नाकारणं त्यात गुन्हा आहे, तसंच समाजातल्या कुणाला विशिष्ट पेहराव करायला भाग पाडणंही. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. गावकी असो वा जमात, कलमं तीच.