सिएना : नदीवाचून वाढलेले नगर

इटलीच्या तोस्काना प्रांताच्या दक्षिण भागात, समुद्रसपाटीपासून सुमारे ३२० मीटर उंचीवर, तीन डोंगरसोंडा जिथे एकत्र येतात तिथे सिएना हे नगर वसले आहे. फ्लॉरेन्सला आर्नो, रोमला टायबर आणि पिसाला समुद्राचे सान्निध्य लाभले, तसे काहीच सिएनाच्या वाट्याला आले नाही. नगराला लाभला तो रस्ता. फ्रान्समधून आल्प्स ओलांडून रोमकडे जाणारा ‘विया फ्रांचिजेना’ हा यात्रामार्ग याच डोंगरमाथ्यावरून जात असल्यामुळे यात्रेकरू, व्यापारी आणि त्यांच्यामागोमाग सावकारी येथे आली, आणि तेराव्या शतकात सिएनाच्या पेढ्या पोपच्या दरबाराचे आर्थिक व्यवहार सांभाळू लागल्या. नगर वाढले, पण पाणी वाढले नाही, आणि सिएनाच्या नागरी इतिहासाची बरीचशी उकल या एका अडचणीतून होते.

या अडचणीवर शोधलेला उपाय म्हणजे ‘बोत्तिनी’, अर्थात नगराखाली आणि नगराबाहेरच्या टेकड्यांच्या पोटात खोदलेले कमानदार छताचे जलबोगदे, ज्यांची एकूण लांबी सुमारे २५ किलोमीटर भरते. येथील भूस्तरात सच्छिद्र वाळूचा थर वर आणि पाणी न झिरपू देणारा चिकणमातीचा थर खाली असल्यामुळे पावसाचे मुरलेले पाणी त्या दोहोंच्या सीमेवर साठते. बोगदे याच सीमेच्या आसपास खोदलेले असून त्यांच्या भिंतींतून पाझरणारे पाणी तळाशी कोरलेल्या अरुंद पन्हळीत उतरते आणि अत्यंत सौम्य उतारावरून, कोणत्याही यंत्राशिवाय, नगरातील कारंज्यांपर्यंत पोहोचते. वाटेत ठिकठिकाणी गाळ बसण्यासाठी हौद केलेले आहेत. उतार थोडा जास्त झाला तर प्रवाह तळ खरवडतो आणि कमी झाला तर चुनखडीचे थर साचून पन्हळ बुजते. हातातल्या कुदळीनिशी, दिव्याच्या उजेडात खोदणाऱ्या कामगारांनी हा तोल शतकानुशतके सांभाळला, ही गोष्ट सिएनाच्या कोणत्याही चित्राइतकीच गौरवास पात्र आहे.

इ. स. १०८१ पासून उल्लेख सापडणारे फोंतेब्रांदा हे कारंजे १२४६ मध्ये नव्याने बांधले गेले. त्याच्या तीन भव्य कमानींखालील पाणी एकदाच वापरून सोडले जात नसे. पहिल्या हौदाचे पाणी पिण्यासाठी, तेथून वाहणारे जनावरांसाठी, त्यापुढचे धुण्यासाठी आणि उरलेले खालच्या बाजूच्या चर्मकारांना व रंगाऱ्यांना, अशी त्याची उतरंड होती. १३४७ मध्ये जन्मलेली संत कातेरिना याच वस्तीतील एका रंगाऱ्याची मुलगी.

१२८७ ते १३५५ या काळात ‘नऊ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मंडळाने नगराचा कारभार पाहिला, आणि शंखाच्या आकाराच्या काम्पो चौकाची फरसबंदी नऊ पट्ट्यांत विभागलेली आहे ती त्याच संख्येची खूण मानली जाते. या चौकात, म्हणजे नगराच्या उंच मध्यभागी, पाणी आणणे सर्वांत अवघड होते. चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात मोठा खर्च करून नवा बोगदा खोदण्यात आला आणि १३४० च्या दशकाच्या प्रारंभी पाणी चौकात पोहोचले. तेथील कारंज्याला ‘फोंते गाया’, म्हणजे आनंदाचे कारंजे, म्हणतात. आज त्याच्याभोवती जी शिल्पे दिसतात ती याकोपो देल्ला क्वेर्चा याने १४१९ पर्यंत पूर्ण केलेल्या मूळ शिल्पांच्या प्रतिकृती असून, झिजलेली मूळ शिल्पे सांता मारिया देल्ला स्काला या जुन्या रुग्णालयाच्या वास्तूत जतन केलेली आहेत.

पाणी मिळवण्याच्या हट्टाची एक बाजू वेडाचीही होती. नगराखाली ‘दियाना’ नावाची नदी वाहते या समजुतीने सिएनाने तिच्या शोधावर पैसा खर्च केला आणि फ्लॉरेन्सच्या दांतेने आपल्या महाकाव्यात त्याची टवाळी केली. तरीही ज्यांनी पाझर वेचून नगर पोसले त्यांची ती आशा समजण्यासारखी आहे.

१३४८ च्या प्लेगने निम्म्याहून अधिक लोकसंख्या नेली असे मानले जाते. कॅथीड्रलचा आरंभलेला प्रचंड विस्तार थांबला, आणि त्याच्या अर्धवट भिंती आजही उभ्या आहेत. दीर्घ वेढ्यानंतर एप्रिल १५५५ मध्ये प्रजासत्ताकाने शरणागती पत्करली आणि सिएना मेदिची घराण्याच्या सत्तेखाली गेले.

राजकीय स्वातंत्र्य गेले तरी नगराची अंतर्गत रचना टिकली. ‘कोंत्रादा’ म्हणजे स्वतःचे निशाण, देवघर आणि सभागृह असलेली वस्ती. १७२९ मध्ये शासक व्हियोलान्ते बेआत्रिचे हिने त्यांच्या सीमा निश्चित केल्या. अशा १७ कोंत्रादांपैकी दहा २ जुलै आणि १६ ऑगस्ट रोजी काम्पो चौकातल्या ‘पालियो’ या घोड्यांच्या शर्यतीत उतरतात. १९१४ मध्ये आमियाता पर्वतावरून नळाचे पाणी आले आणि बोत्तिनींवरचे नगराचे अवलंबित्व संपले. पुढे विसाव्या शतकात कोंत्रादांनी स्वतःची लहान कारंजी उभारली आणि तेथील पाण्याने जन्मजात सदस्यांना वस्तीची दीक्षा देण्याचा विधी रूढ झाला. चर्चमधील बाप्तिस्म्यापासून तो वेगळा मानला जातो आणि सिएनाचे रहिवासी त्याला तितकेच महत्त्व देतात.