आरसा काढल्यावर: मिररलेस कॅमेऱ्याची कुळकथा

फोटो काढणाऱ्याला जे दिसतं, तेच फोटोत उतरेल याची खात्री कशी द्यायची? कॅमेऱ्याचा सगळा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरत आला आहे. आज काही लाख रुपयांना मिळणारा अव्वल मिररलेस कॅमेरा हे त्या प्रश्नाचं सर्वांत ताजं उत्तर. त्याचे गुण आणि दोष दुकानातल्या तक्त्यावर समोरासमोरच्या रकान्यांत छापलेले असतात. माझ्या मते ते वेगळे नाहीतच, दोन्ही एकाच मुळातून आले आहेत. ते मूळ शोधायचं तर बरंच मागे जावं लागतं.

सुरुवात आरशाविनाच झाली होती. मुंबईत 1854 साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे त्या पिढीतले नावाजलेले छायाचित्रकार. त्या काळच्या लाकडी कॅमेऱ्यात मागच्या बाजूला घासलेली काच असे. काळ्या कापडाखाली डोकं घालायचं, काचेवर उलटी पडलेली प्रतिमा न्याहाळायची, फोकस जुळवायचा, मग काचेच्या जागी प्रकाशसंवेदी प्लेट सरकवायची. प्लेट आत गेली की काढणारा आंधळा. समोरच्याने मान हलवली तर ते प्लेट धुतल्यावरच कळायचं.

पुढे लहान कॅमेरे आले आणि पाहण्यासाठी वेगळी खिडकी आली. 1925 मध्ये बाजारात आलेला लायका याच वाटेचा, आणि आपल्याकडे घरोघरी पोचलेला, बडोद्यात बनणारा आग्फा क्लिक थ्रीसुद्धा. 120 च्या रोलवर बारा चौकोनी फोटो. खिडकी लेन्सच्या वर असल्यामुळे जवळून काढलेल्या फोटोत मोठ्या माणसांची डोकी कापली जायची. जुन्या अल्बमांतले कितीतरी आजोबा कपाळाशिवायचे आहेत, त्याचं कारण हे.

मग आरसा. लेन्समधून येणारा उजेड तिरक्या आरशाने वर वळवायचा ही कल्पना फोटोग्राफीपेक्षा जुनी आहे. योहान झान याने 1685 मध्ये तशी पेटी चित्रासह मांडली होती. इंग्लंडमध्ये थॉमस सटनने 1861 साली असा आरसा असलेल्या कॅमेऱ्याचं पेटंट घेतलं. तो 35 मिमी फिल्मच्या कॅमेऱ्यात रुळला जर्मनीच्या किने एक्झाक्टाबरोबर, 1936 मध्ये. त्यात एक अडचण होती. फोटो काढताना वर गेलेला आरसा पुढची फिल्म गुंडाळेपर्यंत खाली येत नसे, तोवर दृश्य गायब. 1949 च्या कॉन्टॅक्स एसने पंचकोनी लोलक बसवून प्रतिमा सुलटी केली, आणि 1954 मध्ये जपानच्या असाहीफ्लेक्सने आरसा क्षणात जागेवर आणून दाखवला. 1959 च्या निकॉन एफपासून पुढची साठ वर्षं बातमीदार, क्रीडा छायाचित्रकार, लग्नाचे फोटोग्राफर सगळे याच घराण्याचे झाले.

आरशाने दिलं ते खरोखर मोठं होतं. डोळ्याला थेट लेन्समधला उजेड मिळत होता, तोही बॅटरी न खाता. पण किंमतही होती. आरसा हलायला जागा हवी, म्हणून लेन्स फिल्मपासून दूर ठेवावी लागे. निकॉन एफच्या माउंटपासून, म्हणजे लेन्स जिथे बसते तिथपासून, फिल्मपर्यंतचं अंतर 46.5 मिमी. पुढे ऑटोफोकस आल्यावर फोकस मोजणारा भाग कॅमेऱ्याच्या तळाशी वेगळा बसे आणि त्याला एका दुय्यम आरशाकडून उजेड मिळे. त्याच्या आणि फिल्मच्या अंतरांत केसभर फरक पडला तर डोळ्याला सगळं नीट दिसूनही फोटोत नवरीच्या डोळ्यांऐवजी कान धारदार यायचे. शिवाय ऐन क्लिकच्या क्षणी, जो पकडण्यासाठी हा सगळा खटाटोप, व्ह्यूफाइंडर काळा व्हायचा.

डिजिटल सेन्सर आल्यावर आरशाची गरज संपली, हे उघड होतं. उद्योगाला ते पचायला वेळ लागला. सेन्सर सतत चालू राहून जे पाहतो तेच छोट्या पडद्यावर दाखवू शकतो, मग मधला आरसा कशाला? पॅनासॉनिक जी1 ने 2008 मध्ये तो काढून टाकला. 2013 मध्ये सोनी ए7 ने 35 मिमी फिल्मएवढ्या सेन्सरवर तेच केलं. तरी मैदानाच्या कडेला उभे असलेले व्यावसायिक बधले नाहीत, आणि त्यांचं बरोबर होतं. पडद्यावर दृश्य उशिरा पोचायचं, धावणारा खेळाडू हातातून निसटायचा.

खरं वळण 2017 चं, सोनी ए9 चं. त्यात सेन्सरच्या थरामागेच स्मृतीचा थर जोडला होता, त्यामुळे सेन्सर वाचून काढण्याचा वेग एकदम वाढला: सेकंदाला 20 फोटो, मध्ये एकदाही काळोख नाही. जुन्या घराण्यानेही हे अप्रत्यक्षपणे मान्य केलं. 2020 चा कॅनन 1डीएक्स मार्क 3 व्ह्यूफाइंडरमधून पाहताना सेकंदाला 16 फोटो काढे, आणि आरसा वर उचलून ठेवला की 20. आरसाच वाट अडवतोय याची कबुली त्या आकड्यांत होती.

2021 मध्ये सोनी ए1 (50 मेगापिक्सेल, सेकंदाला 30 फोटो) आणि निकॉन झेड9 आले. झेड9 मधून तर यांत्रिक शटरही काढलं. फोकसची 493 ठिकाणं जवळजवळ पूर्ण चौकटीत पसरलेली. चंदीगडच्या सुखना तलावावर उतरणाऱ्या हिवाळी पक्ष्याचा डोळा चौकटीच्या कोपऱ्यात असला तरी कॅमेरा तो धरून ठेवतो. माउंटपासून सेन्सरपर्यंतचं अंतर 16 मिमीवर आलं, म्हणून लेन्स रचणाऱ्यांना मोकळं रान मिळालं.

म्हणजे पाहणं, फोकस करणं आणि शटर उघडमीट करणं ही तीन माणसांची कामं आता एकट्या सेन्सरवर आली. दोष शोधायचे ते इथेच.

बॅटरीचंच घ्या. आरशाच्या निकॉन डी6 ला प्रमाणित चाचणीत एका चार्जमध्ये 3580 फोटो मिळतात. झेड9 ला साधारण 740, आणि सोनी ए1 ला व्ह्यूफाइंडर वापरून 430. सलग धडाधड काढले तर प्रत्यक्षात याहून बरेच जास्त निघतात, हेही सांगायला हवं. पण दिवसभर नुसता डोळा लावून वाट पाहणाऱ्याला, एकही फोटो न काढता बॅटरी उतरते हे जाणवतंच.

दुसरा दोष अधिक खोल आहे. सेन्सर सगळा एका क्षणी वाचला जात नाही. वरून खाली, ओळीमागून ओळ वाचला जातो. आपल्याकडच्या वीजपुरवठ्यावर साधी ट्यूबलाइट सेकंदाला 100 वेळा लुकलुकते. ज्या सेन्सरला पूर्ण वाचायला 1/15 सेकंद लागतो, त्याच्या एका फोटोत सहा-सात लुकलुकी येतात आणि भिंतीवर तितके आडवे पट्टे उमटतात. अव्वल कॅमेऱ्यांना यासाठी सुमारे 1/250 सेकंद पुरतो, म्हणून पट्टे जातात, पण एक फोटो उजळ आणि पुढचा मळकट असा खेळ उरतो.

चंदीगडच्या सेक्टर 43 मधल्या आंतरराज्य बसस्थानकावर हे छान तपासता येतं. पंजाब, हिमाचलकडे जाणाऱ्या गाड्या इथून सुटतात. संध्याकाळी हातात एक अलीकडचा अव्वल मिररलेस घेऊन मी फलाटावर उभा होतो. ज्या गाड्यांच्या कपाळावर एलईडीची पाटी असते, त्या पाटीचे दिवे ओळीओळीने पेटतात-विझतात, आपल्या डोळ्याला कळणारही नाही इतक्या झपाट्याने. शटर 1/2000 सेकंदाला ठेवून काढलेल्या फोटोत गावाच्या नावाचा वरचा अर्धाच भाग पेटलेला, पुढच्या फोटोत फक्त खालचा. 1/100 ला आणल्यावर नाव पूर्ण उमटलं, मात्र बसच्या दारात चढणारा माणूस धूसर झाला. इतका लहान क्षण पकडायचा तर यांत्रिक शटरलाही इथे फारसं यश आलं नसतं. फरक एवढाच की, शटर मंद ठेवण्यापलीकडे उपाय नाही हे जुन्या कॅमेऱ्याचा माणूस गृहीत धरायचा, आणि सेकंदाला 30 फोटो हातात आल्यावर आपण ते विसरतो.

तिसरी गोष्ट कोणी दोष म्हणून मोजत नाही, मी मोजतो. दहा सेकंद बोट दाबून धरलं की 300 फोटो. लग्नाचा फोटोग्राफर घरी पोचल्यावर पुढचे कित्येक तास निवडण्यात घालवतो. क्षण ओळखण्याचं जे काम बोट करायचं, ते आता रात्री संगणकासमोर बसून करावं लागतं.

ओळीओळीने वाचण्यावर उपायही निघाला आहे. 2023 च्या सोनी ए9 3 मध्ये सगळा सेन्सर एकाच क्षणी वाचला जातो. ओळीओळीने वाचताना वाकडी उमटणारी बॅट इथे सरळ दिसते, फ्लॅश 1/80000 सेकंदापर्यंत जुळतो, सेकंदाला 120 फोटो निघतात. पण प्रत्येक बिंदूला आपला उजेड क्षणभर साठवायची सोय द्यावी लागली, उजेड धरायची क्षमता त्या प्रमाणात घटली, आणि किमान आयएसओ (उजेडाबाबतची संवेदनशीलता) 100 ऐवजी 250 झाला. उन्हातल्या क्रिकेटसाठी तो मी डोळे मिटून निवडेन. सेक्टर 43 च्या फलाटावर, जिथे गाडीखालचा अंधार आणि पाटीचा झगझगाट एकाच चौकटीत मावायला हवा, तिथे ओळीओळीने वाचणाराच बरा. शटर 1/100, आणि खिशात दुसरी बॅटरी.