हिरडीला चिकटवायची गोळी: ती गिळू नका, चघळू नका

जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट बहुतेक घरांत माहीत असते. ती ठेवली की लगेच विरघळते. या लेखातली गोळी मात्र नेमके उलटे काम करते. ती हिरडीला चिकटून राहते आणि कित्येक तास थोडे थोडे औषध लाळेत सोडते.

तोंडात बुरशीचा संसर्ग झाला की जिभेवर, गालांच्या आत पांढरे थर दिसतात, जळजळ होते, जेवण नकोसे होते. मधुमेह, केमोथेरपी, एचआयव्ही, दम्याचा स्टेरॉइड पंप किंवा रात्रीही न काढलेली कवळी, अशा कारणांनी तो होतो. आपल्याकडे यावर बहुधा क्लोट्रिमॅझोलचे माउथ पेंट देतात. पेंट लाळेबरोबर लवकर धुऊन जाते, म्हणून ते दिवसातून अनेकदा लावावे लागते. मायकोनॅझोलची ५० मिलिग्रॅमची चिकटणारी गोळी मात्र दिवसातून एकदाच लावायची असते. अमेरिकेत तिला २०१० मध्ये मान्यता मिळाली. परदेशात मुलांकडे राहायला गेलेल्या आईवडिलांना ती तिथल्या डॉक्टरांकडून मिळू शकते.

गोळी कशी लावावी?

सकाळी दात घासून झाल्यावर हात कोरडे करा. गोळीची एक बाजू फुगीर असते, ती हिरडीकडे ठेवा. जागा वरच्या हिरडीवर, पुढच्या दातांच्या वर, सुळ्याजवळच्या खळग्यात. ओठ खाली घेऊन बाहेरून बोटाने ३० सेकंद दाबून धरा. दुसऱ्या दिवशी आधीचा चिकट अंश राहिला असेल तर तो काढा आणि नवी गोळी दुसऱ्या बाजूला लावा. हे सहसा १४ दिवस चालते. चार दिवसांत पांढरे थर गेले तरी स्वतःहून बंद करू नका.

खाणेपिणे नेहमीसारखे चालू द्या. च्युइंगम टाळा, जोरात चूळ भरू नका आणि गोळीला सारखे बोट किंवा जीभ लावू नका. वरची कवळी बसवली तर गोळी निघू शकते, म्हणून कवळी असल्याचे डॉक्टरांना आधीच सांगा. तंबाखू, मिश्री, सुपारी हिरडीजवळ धरायची सवय असेल तर तीही सांगा. रुग्ण हे लपवतात, आणि मग औषध लागू पडत नाही अशी तक्रार येते.

गोळी निघाली तर?

लावल्यापासून ६ तासांच्या आत सुटली तर तीच पुन्हा चिकटवा. चिकटत नसेल तर नवी घ्या. ६ तासांच्या आत चुकून गिळली तर पेलाभर पाणी प्या आणि नवी लावा, पण त्या दिवशी असे एकदाच. ६ तासांनंतर निघाली किंवा गिळली गेली तर काळजी नको, दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी पुढची लावा.

कोणी विशेष जपायचे?

रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांनी सर्वात जास्त. मायकोनॅझोलमुळे वॉरफरिनचा परिणाम वाढून रक्तस्राव होऊ शकतो. 'तोंडातलीच तर गोळी' म्हणून अनेक जण हृदयाच्या डॉक्टरांना याबद्दल सांगतच नाहीत. असिट्रोमच्या बाबतीतही हाच धोका धरावा. आयएनआर तपासणी लवकर करावी लागेल. हिरडीतून रक्त, काळी शौच किंवा आपोआप उठणारे निळे डाग दिसले तर त्याच दिवशी रुग्णालयात जा.

गोळी चिकटावी म्हणून तिच्यात दुधातली प्रथिने घातलेली असतात. दुधाच्या प्रथिनांची ॲलर्जी असणाऱ्यांनी ती घेऊ नये. मायकोनॅझोलची ॲलर्जी असणाऱ्यांनीही नाही. गर्भवतींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये. मळमळ, जुलाब, डोकेदुखी, तोंडाची चव बदलणे हे त्रास काहींना होतात.

ओठावरच्या तापाच्या फोडांसाठी ॲसायक्लोव्हिरचीही अशी चिकटणारी गोळी असते. ती एकदाच, आणि ओठ चुरचुरायला लागल्यावर तासाभरात लावायची असते. म्हणून 'हिरडीची गोळी' एवढेच सांगू नका. पाकीट घेऊन या, म्हणजे नेमके कोणते औषध आहे ते कळेल.