तळ्यावर गळ टाकायचा, तंबू ठोकायचा बेत आहे? आधी पाणी आणि मासा कुणाचा ते समजून घ्या

दिवाळी आली की विटा, खानापूर, आटपाडी भागातली गावं भरून जातात. सोनं-चांदी गाळण्याच्या म्हणजे गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली कुटुंबं गावाकडं येतात. फराळ झाला, पै-पाहुणे झाले की कुणीतरी विषय काढतं, "चला की सगळे तळ्यावर. मासं धरू, तिथंच शिजवू, रात्री तंबूत झोपू." पोरं लगेच तयार होतात.

हा भाग दुष्काळी म्हणून ओळखला जातो. पण पावसाळ्यानंतर इथले तलाव भरलेले असतात आणि टेंभू योजनेमुळं काही ठिकाणी उन्हाळ्यातही पाणी दिसतं. त्यामुळं असे बेत आता सहज ठरतात. मात्र मोकळं दिसणारं तळं बिनमालकाचं नसतं, आणि शांत दिसणारं पाणी सुरक्षित असतंच असंही नाही.

तळ्यातला मासा कुणाचा?

गावतळ्यात मासे आपोआप होतात, असं बऱ्याच जणांना वाटतं. चिलापी, मरळ असे काही मासे साठलेल्या पाण्यात स्वतःहून वाढतात हे खरं. पण बाजारात ज्यांना भाव आहे ते रोहू, कटला आणि मृगळ मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. ते पुराच्या वाहत्या पाण्यात अंडी घालतात. तळ्याच्या थांबलेल्या पाण्यात त्यांची वीण सहसा होत नाही.

यावर उपाय सापडला 1957 साली. डॉ. हिरालाल चौधरी आणि डॉ. के. एच. अलीकुन्ही या शास्त्रज्ञांनी ओडिशात माशांना संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन त्यांची वीण घडवून आणली. तो दिवस होता 10 जुलै, म्हणून देशात दरवर्षी 10 जुलैला राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन पाळला जातो. तेव्हापासून केंद्रात बीज तयार करायचं आणि तळ्यात सोडायचं ही पद्धत रुळली. अगदी लहान असताना त्याला मत्स्यजिरे म्हणतात, बोटाएवढं झालं की बोटुकली.

म्हणजे तळ्यातला रोहू हा कुणीतरी पैसे देऊन सोडलेला असतो. राज्यातल्या बहुतेक जलाशयांतला मासेमारीचा हक्क ठरावीक वर्षांच्या ठेक्यानं दिला जातो आणि हा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडं असतो. भोई समाजातली अनेक कुटुंबं यावरच जगतात. बीज सोडायचं, वर्षभर राखण करायची आणि मग जाळं टाकायचं, असा त्यांचा हिशोब. न विचारता टाकलेला गळ म्हणजे दुसऱ्याच्या रानातली कणसं मोडण्यासारखंच आहे.

विचारलं तर मात्र काम सोपं होतं. तळ्यावरचा राखणदार किंवा ग्रामपंचायत संस्थेच्या माणसाशी गाठ घालून देते. चार गळांपुरती परवानगी मिळू शकते. नाही मिळाली, तर त्यांच्याकडूनच ताजा मासा विकत घेऊन तिथं शिजवता येतो.

कुठं जायचं नाही?

विट्याच्या लोकांना मायणीचा तलाव जवळचा. तो सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यात येतो. ब्रिटिश काळातला हा तलाव पक्ष्यांसाठी प्रसिद्ध आहे. हिवाळ्यात फ्लेमिंगो पाहायला लोक मायणी आणि येरळवाडीला जातात. 2021 साली राज्य सरकारनं मायणी, येरळवाडी आणि आसपासच्या तलावांना मिळून पक्षी संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर केलं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अशा क्षेत्राला धोका होईल अशी आग पेटवता येत नाही, स्फोटकं किंवा घातक रसायनं वापरता येत नाहीत. म्हणजे शेकोटी आणि फटाके दोन्ही बाद.

इथं गळाची दोरीसुद्धा त्रासदायक ठरते. तुटून पडलेला तंगूस पाण्यात कुजत नाही. पक्ष्यांच्या पायात, चोचीत तो गुंततो आणि पक्षी उपाशी मरतो. त्यामुळं मायणीला जायचं तर दुर्बीण घेऊन, दिवसा.

कोयनेचा शिवसागर आणि वारणेवरचा चांदोलीचा जलाशय हे पश्चिमेकडचे मोठे पर्याय वाटतात. पण हा भाग 2010 साली झालेल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाला लागून आहे. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत वन विभागाच्या परवानगीशिवाय शिरता येत नाही. मुक्काम करायचा तर हद्दीबाहेर, रीतसर चालवलेल्या जागेवरच करावा.

आणि जागा कुठलीही असो, सुरुंगाची दारू किंवा विष टाकून मासे मारणं हा 1897 च्या भारतीय मत्स्य कायद्यापासूनच गुन्हा आहे.

पाण्याचा खरा धोका कुठं असतो?

या भागातले अनेक पाझर तलाव 1972 च्या दुष्काळात रोजगारासाठी काढलेल्या कामांतून उभे राहिले. नंतर उन्हाळ्यात त्यातला गाळ काढून शेतात टाकणं सुरू झालं. शेतीला त्याचा फायदा झाला, पण गाळ काढलेल्या जागी खड्डे राहतात. पाणी भरलं की ते दिसत नाहीत. गुडघाभर पाण्यात चालणारं पोर पुढच्याच पावलाला डोक्याएवढ्या पाण्यात जातं. तळाचा चिखल पाय धरून ठेवतो, त्यामुळं पोहता येणाराही फसतो.

दुसरी गोष्ट आवर्तनाची. टेंभू योजना कराडजवळ कृष्णेचं पाणी उचलून या तालुक्यांत आणते. आवर्तन सुरू झालं की पाऊस नसतानाही कालवा वाहू लागतो आणि तलावाची पातळी वाढते. कालव्याच्या अस्तराच्या उतारावर शेवाळ असतं, आत पडलेल्याला वर चढता येत नाही. म्हणून कालव्याजवळ आणि सांडव्याखाली तंबू ठोकू नये, पोरांना तिथं खेळू देऊ नये.

तंबू ठोकताना

- काठावर जुन्या पाण्याची रेघ दिसते. तंबू तिच्या बराच वर, उघड्या कोरड्या जागेवर असावा.
- वरून विजेच्या तारा जात नाहीत ना, हे बघावं. कार्बनचा लांब गळ तारेला लागला तर शॉक बसतो.
- रात्री मण्यार फिरते. तिचा दंश झोपेत होतो आणि अनेकदा कळतही नाही. तंबूची चेन बंद ठेवावी, उघड्यावर झोपू नये, बूट झटकूनच घालावेत.
- साप चावला तर मांत्रिक नको, चिरा देणं नको. 108 ला फोन करून थेट दवाखाना गाठावा.
- थंडी कितीही असो, कोळशाची शेगडी तंबूत न्यायची नाही. तिच्या वायूला वास नसतो आणि झोपेतच जीव जातो.
- मासे साफ केल्यावर उरलेली घाण पाण्यात टाकू नये. बरेच तलाव गावाच्या पिण्याच्या पाण्याचेही असतात.

कुणी बुडू लागलं तर?

एकाला वाचवायला दुसरा, मग तिसरा उतरतो आणि घरातली दोन-तीन माणसं एकदम जातात. त्यामुळं आधी काठावरून दोर, साडी, लांब काठी किंवा बूच लावलेला रिकामा कॅन फेकावा आणि आरडाओरडा करून तळ्यावरच्या मच्छीमारांना बोलवावं. पाण्याचा तळ त्यांच्याइतका कुणालाच माहीत नसतो. त्याचवेळी 112 ला फोन करावा.

निघण्यापूर्वी दोन कामं ठरवून घेतलेली बरी. एक, संस्थेला आणि गावाला विचारणं. दोन, घरातल्या एका मोठ्या माणसानं गळ हातात न घेता फक्त पोरांवर लक्ष ठेवणं. पाळी बदलत राहिली की तोही माणूस मासे धरायला मोकळा.