हात किती, नोंद किती?



‘राज्यात रोजगार इतक्या टक्क्यांनी वाढला’ असं बातम्यांत सांगतात, तेव्हा गटाच्या बैठकीत कुणीतरी हमखास विचारतं, ‘मग आमच्या गावात तो दिसत का नाही?’ प्रश्न अगदी बरोबर आहे. आज आम्ही त्याच्याबद्दलच बोलणार आहोत. रोजगार वाढला की घटला हे ठरवतात कसं? महाराष्ट्राचा आकडा कुणाच्या आकड्याशेजारी ठेवून बघायचा? आणि गेल्या साठ वर्षांच्या या मोजणीत बाईचं काम कधी दिसलं, कधी नाहीसं झालं?

आधी आपल्या ओळखीचा हिशोब घेऊ. समजा, गटाची महिन्याची बचत वर्षभरात २० टक्क्यांनी वाढली. आनंद मानायचा का? थांबा. सभासद किती वाढल्या ते बघा. दहाच्या पंधरा झाल्या असतील, तर बचत वाढूनही एकेकीच्या वाट्याची बचत कमीच झाली. मग ग्रामसंघातल्या बाकीच्या गटांकडे बघा. पाऊसपाणी चांगलं झाल्यामुळे सगळ्यांचीच बचत २० टक्क्यांनी वाढली असेल, तर त्यात आपल्या गटाची वेगळी कमाई काही नाही. आणि एक शेवटची गोष्ट. गेल्या वर्षी दंडाची रक्कम बचतीत धरत नव्हतो आणि यंदा धरली, तर हे दोन आकडे ताडून बघताच येत नाहीत.

राज्याच्या रोजगाराचंही असंच असतं. आकडा स्वतःच्या मागच्या आकड्याशी, लोकसंख्येशी, शेजारच्या राज्यांशी आणि देशाशी ताडायचा. पण त्याआधी विचारायचं, दोन्ही वेळा प्रश्न तोच होता का?

या प्रश्नाचाही इतिहास आहे. १९६१ च्या जनगणनेत हंगामी काम करणाऱ्यांसाठी नियम सैल होता. हंगामातले बरेचसे दिवस रोज तासाभरापेक्षा जास्त काम केलं, तर माणूस ‘काम करणारा’ धरला जाई. त्यामुळे घरच्या शेतात खुरपणारी, राखण करणारी बाई मोजणीत आली. देशभरात सुमारे ६ कोटी बाया कामकरी म्हणून नोंदल्या गेल्या.

१९७१ ला प्रश्न बदलला. आता विचारलं, ‘तुमचं मुख्य काम कोणतं?’ बाईला, आणि तिच्या वतीनं घरच्या पुरुषाला, हा प्रश्न विचारल्यावर उत्तर काय येणार? ‘घरकाम.’ एवढं उत्तर आलं की ती काम न करणाऱ्यांत जाई. तिचं शेतातलं काम दुय्यम म्हणून वेगळं लिहिलं जाई, पण कामकऱ्यांच्या बेरजेत ती धरली जात नसे. दहा वर्षांत देशाची लोकसंख्या वाढली, पण कामकरी बायांचा आकडा ६ कोटींवरून ३ कोटींच्या आसपास आला. बाया काही घरी बसल्या नव्हत्या. खुरपं तेच होतं, वावर तेच होतं. प्रश्न तेवढा बदलला होता.

हे आकडे कागदावर येत होते, त्याच सुमारास महाराष्ट्रात १९७२ चा दुष्काळ पडला. सुकडी, मिलो, खडी फोडणं, पाझर तलाव, नालाबंडिंग हे शब्द आपल्या आया-आज्यांच्या बोलण्यात अजून येतात. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यातल्या दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती, आणि त्यात बायांची संख्या डोळ्यांत भरण्यासारखी होती. दोन वर्षांपूर्वी जनगणनेनं ज्यांना ‘घरकाम करणाऱ्या’ म्हणून बाजूला काढलं, त्यांच्यातल्या कितीतरी जणी आता हातोडा घेऊन खडीवर बसल्या होत्या. काम मिळतं म्हटल्यावर बाई येते, हे तेव्हा हजेरीपटावर लिहिलं गेलं.

या दुष्काळातूनच रोजगार हमी योजना पुढे आली. तिची कल्पना विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात १९६५ पासून त्यांनी तिचा छोटा प्रयोग करून पाहिला होता. ‘मागेल त्याला काम’ हे तिचं सूत्र. १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. खर्चासाठी नोकरदार आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला होता. शहरातल्या पगारदाराच्या करातून गावातल्या बाईची मजुरी निघत होती.

देशाला असा कायदा करायला २००५ साल उजाडलं. २ फेब्रुवारी २००६ रोजी आंध्रातल्या अनंतपूर जिल्ह्यात राष्ट्रीय योजनेची सुरुवात झाली. म्हणजे इथे महाराष्ट्र देशाच्या पाव शतक पुढे होता. पण पुढे असणं कायम टिकत नाही. या राष्ट्रीय योजनेच्या कामांत देशभरातले निम्म्याहून जास्त दिवस बायांच्या नावावर लागू लागले, केरळात तर दहातले नऊ. ज्या महाराष्ट्रानं वाट घालून दिली, तिथे मात्र बायांचा वाटा निम्म्याच्या खालीच राहिला.

पुन्हा जनगणनेकडे येऊ. १९८१ ला चूक काहीशी सुधारली. ‘गेल्या वर्षात काही काम केलं का?’ असं विचारलं गेलं आणि दोन कप्पे केले. १८३ दिवस किंवा जास्त काम करणारे ‘मुख्य’, त्याहून कमी दिवसवाले ‘सीमांतिक’. १९९१ ला प्रश्नातच शब्द घातले की घरच्या शेतात किंवा धंद्यात बिनपैशाचं केलेलं कामही सांगा. २००१ ला घरापुरतं दूध काढण्यासाठी जनावरं सांभाळणंही काम धरलं. देशात १०० बायांमागे कामकरी बाया १९८१ ला सुमारे २०, १९९१ ला २२, तर २००१ ला २५ ते २६ झाल्या. यातली किती वाढ कामाची आणि किती सुधारलेल्या प्रश्नाची, हे वेगळं काढणं अवघड आहे. म्हणून ‘बायांचा रोजगार वाढला’ असं कुणी म्हटलं, की आधी प्रश्नपत्रिका बघावी.

२००१ आणि २०११ ला मात्र प्रश्न जवळपास सारखाच होता, म्हणून हे दोन आकडे शेजारी ठेवता येतात. २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे घरोघर जाऊन मोजलेला शेवटचा आकडा २०११ चाच आहे.

महाराष्ट्रात २००१ ला काम करणारी माणसं ४ कोटी १२ लाख होती. २०११ ला ती ४ कोटी ९४ लाख झाली. वाढ २० टक्के. याच काळात राज्याची लोकसंख्या १६ टक्क्यांनी वाढली. म्हणजे तोंडांपेक्षा कामाचे हात जरा जास्त वाढले. आता देश बघा. ४० कोटी २२ लाखांवरून ४८ कोटी १७ लाख, म्हणजे तिथेही २० टक्केच. शेजारच्या मध्य प्रदेशात २२ टक्के वाढ झाली, पण तिथे लोकसंख्याही २० टक्के वाढली. गुजरातमध्ये वाढ साडेसोळा टक्के आणि लोकसंख्या १९ टक्के, म्हणजे कामकरी हात लोकसंख्येच्या मागे पडले. थोडक्यात, महाराष्ट्र गुजरातच्या पुढे होता आणि देशाच्या बरोबरीनं चालला होता. ‘आम्ही देशात सर्वांत पुढे’ म्हणायला या आकड्यांत आधार नाही, आणि ‘राज्य मागे पडलं’ म्हणायलाही नाही.

आता याच बेरजेतल्या बाया वेगळ्या काढू. महाराष्ट्रात कामकरी पुरुष १० वर्षांत २१ टक्क्यांनी वाढले. कामकरी बाया १ कोटी ४३ लाखांवरून १ कोटी ६८ लाख झाल्या, म्हणजे १७ टक्के. देशात बायांची वाढ १८ टक्के. गुजरातमध्ये कामकरी बायांचा आकडा १० वर्षांनंतरही ६८ लाखांच्या आसपास, जिथल्या तिथे. एकूण बेरीज बघून राज्यं पुढेमागे वाटतात, पण बाया वेगळ्या काढल्या की देशात आणि या दोन्ही राज्यांत एकच गोष्ट दिसते. वाढीचा मोठा वाटा पुरुषांकडे गेला.

दर १०० बायांमागे कामकरी किती तेही ऐका. २०११ ला महाराष्ट्रात ३१, देशात २५ ते २६, गुजरातमध्ये २३, गोव्यात २२. महाराष्ट्र वरचढ दिसतो. पण हे ३१ कुठून आले? आपल्या राज्यातल्या खेड्यांत १०० पैकी ४२ बाया कामकरी आहेत, शहरांत फक्त १७. म्हणजे राज्याचा आकडा वर धरून ठेवलाय तो खेड्यातल्या बायांनी.

आणि ते काम कोणतं? २००१ ला महाराष्ट्रात स्वतः शेती कसणारे १ कोटी १८ लाख होते आणि शेतमजूर १ कोटी ८ लाख. २०११ ला कसणारे १ कोटी २६ लाख झाले, पण शेतमजूर १ कोटी ३५ लाखांवर गेले. मजुरांनी कसणाऱ्यांना मागे टाकलं. गावात रोजगार दिसत का नाही, याचं एक उत्तर इथे आहे. वाढलेल्या हातांतले पुष्कळ हात दुसऱ्याच्या बांधावर गेले. मोजणीत रोजगार वाढला, घरात स्थैर्य वाढलंच असं नाही. देशातल्या १०० कामकरी बायांपैकी ४० जणी तर ‘सीमांतिक’ होत्या, म्हणजे त्यांना वर्षातून सहा महिनेही काम नव्हतं. पुरुषांत असे १०० मागे १८.

जनगणनेनंतरचा काळ बघायचा, तर सरकारची श्रमशक्ती पाहणी आहे. २०१७ पासून ती नियमित होते. ती सगळ्या घरांत जात नाही, निवडक घरांत जाते. तिच्या इथे घेतलेल्या आकड्यात १५ वर्षांवरच्या बायाच मोजतात आणि काम शोधणाऱ्याही धरतात, म्हणून तिचा आकडा जनगणनेच्या आकड्याशेजारी ठेवायचा नाही. या पाहणीनुसार देशात १०० बायांमागे कामात किंवा कामाच्या शोधात असलेल्या २०१७-१८ ला २३ होत्या, २०२३-२४ ला जवळपास ४२ झाल्या. खेड्यात तर ४७ ते ४८. सहा वर्षांत एवढी उडी!

गटाच्या हिशोबासारखं याच्याही आत बघू. खेड्यातल्या १०० कामकरी बायांपैकी २०१७-१८ ला ५८ जणी स्वयंरोजगारात होत्या, २०२३-२४ ला ७३ ते ७४. स्वयंरोजगार म्हटलं की दुकान, पिठाची गिरणी, शिलाई असं डोळ्यांपुढे येतं. पण १०० पैकी ४२ जणी ‘घरच्या धंद्यात मदतनीस’ आहेत. काम आहे, मोबदला हातात नाही. वाढ खोटी नाही. या कामाची नोंद होते आहे हे चांगलंच. पण तिला नोकरी मिळाली, पगार सुरू झाला, असा तिचा अर्थ लावू नये.

आणि मोजणीबाहेरचं काम उरतंच. २०१९ मध्ये सरकारनं लोकांच्या दिवसाच्या वेळेची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बाया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात, म्हणजे पाच तास. चार पुरुषांतला जेमतेम एक घरकामाला हात लावतो, आणि तोही ९७ मिनिटं. रोजगाराच्या कुठल्याही टक्केवारीत हे पाच तास येत नाहीत. मात्र दुसरं काम घ्यायला बाईकडे वेळ किती उरतो, हे त्यांच्यावरच ठरतं.

मैत्रिणींनो, पुढची जनगणना २०२७ साठी ठरली आहे. प्रगणक दारात येईल तेव्हा १९७१ आठवा. ‘ही काय, घरीच असते’ असं उत्तर गेलं, तर आपण पुन्हा कागदावरून उतरू. शेळ्या, दूध, खुरपणी, वेचणी, घरच्या दुकानावर बसणं, गटाचं पापड-मसाल्याचं काम, हे सगळं नाव घेऊन आणि किती दिवस केलं ते धरून सांगा. योजना, पाळणाघरं, कामाच्या जागा, सगळ्यांचं माप या नोंदीवरून काढतात.

त्याची तयारी गटातच करता येईल. वहीत बारा महिन्यांचे बारा रकाने पाडा. प्रत्येकीनं कोणत्या महिन्यात किती दिवस कोणतं काम केलं आणि त्यातल्या किती दिवसांचे पैसे हातात आले, ते लिहा. १८३ दिवसांची रेघ कोण ओलांडतं ते बघा. मग शेजारच्या गावातल्या गटाच्या वहीशी ती ताडून पाहा. कामं मागायला ग्रामसभेत जाल तेव्हा ही वही बरोबर असू द्या.

आजच्यापुरतं एवढंच. नमस्कार.