आळे येथील रेड्याची समाधी आणि करुणामंत्राचा अर्थ

जुन्नर तालुक्यातील आळे या गावी एका रेड्याची समाधी आहे. पैठण येथे ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेदमंत्र वदविले, तो रेडा चारही भावंडांबरोबर नेवाशाहून आळंदीकडे येत असता येथे निवर्तला व त्यास समाधी देण्यात आली, अशी वारकरी परंपरेची धारणा आहे. मुक्या जनावराची समाधी पूज्य ठरावी ही गोष्ट केवळ भाविकतेची म्हणून बाजूस सारण्यासारखी नाही. मंत्र आणि करुणा यांचे योगसाधनेतील नाते कोणते, या प्रश्नाचा विचार या कथेत सामावलेला आहे.

कथेच्या प्रामाण्याविषयी प्रथम थोडे सांगणे अवश्य आहे. ज्ञानेश्वरीत (शके 1212, इ. स. 1290) या प्रसंगाचा उल्लेख नाही. तो येतो चरित्रपर वाङ्मयात, महिपतीचा ‘भक्तविजय’ (शके 1684, इ. स. 1762) हे त्याचे ठळक उदाहरण होय. बोपदेवाच्या नावावर सांगितले जाणारे शके 1209 चे शुद्धिपत्रही संशयातीत नाही. तेव्हा ही कथा घटनेचा पुरावा ठरत नाही; परंपरेने करुणेचा अर्थ कसा लावला याचा पुरावा मात्र ती निःसंशय आहे.

पतंजलीने योगसूत्रांच्या पहिल्या पादात मैत्री, करुणा, मुदिता व उपेक्षा या चार भावना सांगितल्या. त्यांपैकी करुणेचा विषय दुःखी प्राणी आणि प्रयोजन साधकाच्या चित्ताची प्रसन्नता. बौद्धांनी याच चौघींना ब्रह्मविहार म्हटले. जुन्नरच्या डोंगरांत बौद्ध लेणी विपुल आहेत. पण तेवढ्यावरून आळ्याच्या कथेशी त्यांचा धागा जोडणे धाडसाचे होईल. त्याच पादात प्रणवाचा जप अर्थाच्या भावनेसह करावा, असेही सांगितले आहे. योगवर्गाच्या अखेरीस समस्त लोकांचे सुख इच्छिणारे जे संस्कृत वचन आज म्हटले जाते, त्याला हाच निकष लावला तर अडचण उभी राहते. त्यातील क्रियापद लोट् लकाराचे आहे; लोक सुखी होवोत एवढेच ते म्हणते. म्हणणाऱ्याने काय करावे, याविषयी ते मौन बाळगते.

मंत्रार्थाचा वाद फार जुना आहे. मंत्र निरर्थक होत, हे कौत्साचे मत यास्काने निरुक्तात खोडून काढले आणि अर्थ न जाणता वेद पाठ करणाऱ्यास भार वाहणाऱ्या खांबाची उपमा दिली. पैठणच्या कथेत खरोखरीचा भारवाहू पशूच वेद म्हणतो, आणि अर्थज्ञ म्हणविणारे पाहत उभे राहतात! हा उपरोध कथाकारांना अभिप्रेत असो वा नसो, तो बोचल्यावाचून राहत नाही.

परंतु या कथेचे मर्म चमत्कारापेक्षा तिच्या क्रमात आहे. रूढ कथेप्रमाणे रेड्याच्या पाठीवर आसूड ओढले गेले आणि त्यांचे वळ ज्ञानेश्वरांच्या अंगावर उमटले, मंत्र त्यानंतरचा. म्हणजे करुणा येथे मंत्राचे फळ नसून मंत्राचा अधिकार आहे. पतंजलीच्या सूत्रात दुःखी वेगळा आणि भावना करणारा वेगळा राहतो. वळांच्या प्रसंगात हे अंतरच उरत नाही.

ही कल्पना योगशास्त्राला परकी मानण्याचे कारण नाही. गीतेचा सहावा अध्याय ध्यानयोगाचा. ज्ञानेश्वरांनी कुंडलिनीचे नाथपंथी वर्णन केले तेही त्याच अध्यायाच्या टीकेत. आणि आपल्या उपमेने सर्वत्र सुखदुःख सारखे पाहणारा योगी श्रेष्ठ, हा निर्णय त्याच अध्यायातला. आसन, प्राण, कुंडलिनी एवढे सगळे झाल्यावरही श्रेष्ठत्वाची कसोटी परदुःखाचीच राहिली. तेराव्या अध्यायात अहिंसा या एका पदावर ज्ञानेश्वर विस्ताराने थांबतात, आणि एक जीव वाचविण्यासाठी दुसऱ्याचा घात करणाऱ्या व्यवहाराचे, त्यात यज्ञ आणि वैद्यकही आले, वाभाडे काढतात. पैठणचा आसूड कोणी ओढला असो वा नसो, त्याचा वळ पाठीवर घेण्याची तयारी या ओव्यांतून आधीच झालेली दिसते.