हिंगोलीची छावणी आणि वऱ्हाडचे गहाण

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमचे आजोबा वहीला हळदकुंकू वाहण्याआधी देण्याची पाने वाचून काढीत. येण्याची पाने मागाहून! आमच्या हिंगोलीच्या इतिहासाला लागू पडणारी रीत हीच, असे मला नेहमी वाटते.

हिंगोली ही हैदराबाद कंटिंजंटची छावणी. फौज निजामाच्या पैशाची, अंमलदार मात्र इंग्रज. 1800 च्या तहाप्रमाणे निजामाने युद्धप्रसंगी कुमक द्यायची होती; पण ही फौज शांततेतही उभीच राहिली. दिवाण चंदुलाल तिचे पगार कर्जाने भागवीत. हैदराबादच्या पामर कंपनीला 1816 मध्ये गव्हर्नर जनरलनेच सावकारीची मुभा दिली होती. व्याज शेकडा 25 पर्यंत! 1820 मध्ये आणखी 60 लाखांचे कर्ज झाले. रेसिडेंट मेटकाफने ओरड केली, तेव्हा हे देणे फेडायला निजामाने उत्तर सरकारची सालीना 7 लाखांची पेशकश कायमची सोडली. म्हणजे घरचे येणे विकून देणे भागवले. वसुली मक्त्याने दिलेली, त्यामुळे भार अखेर कुणब्याच्याच पाठीवर.

पण छावण्या होत्या तेथेच होत्या. थकबाकी पुन्हा साचली, आणि 1853 मध्ये डलहौसीने वऱ्हाड, रायचूर दुआब व नळदुर्गाकडचा मुलूख फौजेच्या खर्चापोटी ताब्यात घेतला. 1860 मध्ये 50 लाखांचे कर्ज माफ होऊन नळदुर्ग, रायचूर परत मिळाले. वऱ्हाड नाही. अमेरिकेतल्या यादवीने पुढे कापसाला सोन्याचा भाव आला. असे गहाण कोणता सावकार सोडील? सालारजंगाने फौजेच्या खर्चापोटी रोख ठेव देऊ केली, तीही नाकारली गेली.

1902 मध्ये लॉर्ड कर्झनने सालीना 25 लाखांवर वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतले. गंमत पाहा, ज्या फौजेसाठी हा सारा खटाटोप, ती लगेच हिंदुस्थानच्या सैन्यात विलीन झाली आणि 1903 मध्ये हिंगोलीची छावणीही उठली.

आजही वाशीमला जाताना पैनगंगा ओलांडली की मराठवाडा सरतो, विदर्भ लागतो. पलीकडचे लोक आमच्याच सोयऱ्यांतले. मी पुलावर थांबतो, तेव्हा मला आजोबांची ती देण्याची पाने आठवतात.